जोडीदारीण

प्रेमाबाई पडल्या त्या सकाळी त्यांची सून एस्थर चुलीपुढं भाकरी थापत होती. मोरीकडून धप्प असा आवाज आला. घागर निसटली असेल, असं तिला वाटलं. घागर गडगडत दारापर्यंत आली, पण तिच्यामागून सासूचा ओरडा आला नाही, तेव्हा ती पिठाच्या हातांनीच उठली.

म्हातारी ओल्या फरशीवर एका कुशीवर पडली होती. एक पाय भलताच वळलेला. ओठ घट्ट मिटलेले.

"मला हलवू नको," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी बोलीव."

एस्थर अंगणात आली आणि ओरडली, "अवो, या की कुणीतरी! आई पडल्यात!"

घोड नदीकडं उतरणाऱ्या त्या रस्त्यावर ओढ्याच्या अलीकडं ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती आणि पलीकडं बौद्धवाडा. सकाळची वेळ, सगळे घरीच. दारं उघडली. कोण ओरडतंय ते लोकांनी पाहिलं, आणि बायकांनी आधी पोरं आत घेतली.

एस्थर पुन्हा ओरडली. तिचा आवाज चिरकला. समोरच्या घराची कडी आतून लागल्याचं तिला ऐकू आलं.

तेवढ्यात पलीकडून बानूबाई काठी टेकत ओढ्याच्या फरशीवरून आल्या. प्रेमाबाईंच्याच वयाच्या, कानांनी कमी झालेल्या, पण या दाराला रोज येणाऱ्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि बाहेर येऊन दोन्ही आळ्या हलतील अशी हाक दिली, "अरं मुडद्यांनो, प्रेमा पडलीया! बघत काय उभं ऱ्हायलात?"

मग माणसं धावली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शिरूरला ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली. घरी आणून प्रेमाबाईंना खाटेवर निजवलं. उठायचं नाही, मांडी घालायची नाही. प्रेमाबाईंचा मुलगा विल्यम कारेगावजवळच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. तिथंच चौघांत एक खोली घेऊन राहायचा, सुट्टीला घरी यायचा. त्यानं रजा टाकली होती, ती संपत आली. सुपरवायझरचे फोन येऊ लागले.

आणि एक अडचण होती, ती कुणी तोंडानं बोलत नव्हतं. वर्षभर एस्थरच्या गोळ्या प्रेमाबाईंच्या कनवटीला असायच्या. सकाळी न्याहारीला एक आणि रात्री जेवणावर दोन, त्या स्वतःच्या हातानं सुनेच्या तळव्यावर ठेवायच्या, पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आणि गोळी गिळेपर्यंत बघत बसायच्या. आता दुखण्याच्या औषधानं त्यांनाच ग्लानी असायची. दिवस का रात्र, हेही त्यांना कधीकधी उमगत नसे.

रविवारी उपासना उरकून एस्थरचा धाकटा भाऊ जोएल दौंडहून मोटारसायकलवर आला. तिथं तो रेल्वेत कामाला होता. म्हातारीसाठी द्राक्षं आणली होती. चहा झाल्यावर तो आणि विल्यम दारातच बसले. एस्थर आत भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. तिला ऐकू जातंय हे दोघांनाही ठाऊक होतं.

"दाजी, मी एक जागा बघून आलोय," जोएल म्हणाला. "सोलापूरच्या रस्त्याला. आपल्यातलीच माणसं चालवत्यात. प्रार्थना असती, खायला-प्यायला असतं, गोळ्या येळंवर देत्यात."

"किती दिवस ठेवत्यात?"

"ठेवत्यात की. घाई करायची न्हाई आपण."

विल्यमनं काडी घेऊन उंबऱ्याच्या फटीतली माती कोरायला सुरुवात केली. "तुमच्याकडं थोडे दिवस..."

"माझ्याकडं कसं जमल, दाजी? रेल्वेच्या दोन खोल्या. पोराची, केविनची परीक्षा. बायको आधीच भित्री." जोएलनं रिकामी कपबशी बाजूला सारली. "आन् तुम्ही नोकरी सोडून हिथं बसणार हाय का?"

खाटेवरून प्रेमाबाई म्हणाल्या, "तिला इचारा की आधी."

म्हातारी ग्लानीत बोलली असं धरून जोएल पुढं म्हणाला, "ईस्टर झाला की मी गाडी घेऊन येतो."

एस्थरची बोटं ताटात फिरत होती. गोळ्यांनी बोटांना कंप असायचा, त्यामुळं एखादा खडा चिमटीत यायला वेळ लागायचा. आई रेल्वेलाइनीच्या कडेला गवत कापायला जायची तेव्हा हाच जोएल एस्थरच्या कडेवर असायचा. जाताना तो तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, येतो." ती म्हणाली, "हेल्मेट घाल."

दुसऱ्या दिवशी स्नेहल आली. ती वाडीची आशा सेविका. प्रेमाबाईंच्या टाक्यांवरची पट्टी बघून झाली तरी ती उठली नाही. ओढणीनं वारा घेत तिनं विल्यमला विचारलं, "दादा, तुम्ही गेल्यावर वहिनींशी दिवसभर बोलतं कोण?"

"आई हाय की."

"आणि आईशिवाय?"

विल्यमनं बायकोकडं पाहिलं. "पाद्री साहेब येत्यात कधीमधी."

"मी पाद्रींचं नाही विचारत. ट्रेनिंगला आम्हाला सांगितलं, पेशंटला माणसं पाहिजेत. गोळी तर मी आणून देईन, पण मी काय रोज नाही येऊ शकत. माझ्याकडं अख्खी वाडी आहे."

"माणसं व्हती," विल्यम म्हणाला. "लई व्हती. ललिताच्या हाताचं झालं आन् सगळी तुटली."

ललिता ही बानूबाईंची सून. ललिता आणि एस्थर लग्न होऊन आल्या त्याच वर्षी नकुशी मुकादमिणीच्या टोळीत लागल्या. कांद्याची लागण असो, खुरपण असो, काटणी असो, एका वाफ्याला दोघी जोडीनं बसायच्या. एकीनं भाकरी आणली की दुसरीनं कालवण. ललिताच्या पोरीला, प्राचीला, कावीळ झाली तेव्हा एस्थर दवाखान्यात तिच्या उशाशी होती. एस्थरला मूल झालं नाही, त्यावरून कुणी टोमणा मारला तर ललिता भांडायला उठायची.

मागच्या वर्षी काटणीच्या दिवसांत एस्थरची झोप गेली. ती एकटीच पुटपुटायची, ताट पुढं ठेवलं तरी बघत बसायची. बायका म्हणाल्या, उन्हाचं हाय. मग एक दिवस भर दुपारी रानात ती विळा घेऊन उभी राहिली आणि विळा वर गेला. ललिता शेजारीच होती. तिनं हात घातला. पंजापासून मनगटाच्या वरपर्यंत हात फाटला. बायकांनी एस्थरला पालथी पाडून तिच्यावर बसून धरली. पुण्याच्या इस्पितळात तिनं बरेच दिवस काढले. परत आली ती जाडजूड, सुस्त, कोरड्या तोंडाची. टोळीनं तिचं नाव सोडलं होतं. ललिता तर ओढ्याची फरशी ओलांडून या बाजूला पुन्हा आली नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटायची नाहीत.

विल्यम कारेगावला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी एस्थरनं विल्यमचा जुना शर्ट साडीवर चढवला, डोक्याला फडकं बांधलं आणि सासूला म्हणाली, "आई, मी नकुशीमावशीकडं जाते."

"घेतील का तुला?"

"बघते."

"गोळी?"

एस्थरनं कनवटीची पुरचुंडी दाखवली. प्रेमाबाईंनी डोळे मिटले. "जा. बानू हाय माझ्यापाशी."

फाट्यावर पिकअप उभी होती. बायका चढत होत्या. एस्थर जवळ आली तसं बोलणं बंद झालं. नकुशी पुढं ड्रायव्हरशेजारी बसायची. उंच, काळी, तंबाखूनं दात गेलेली बाई. ती खाली न उतरताच म्हणाली, "काय गं?"

"कामाला येते मावशी."

"जागा न्हाई."

मागं चांगली दोन माणसं बसतील एवढी जागा होती. पिकअप गेली. एस्थर धुरळा बसेपर्यंत उभी राहिली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. बायकांनी आता हसायला सुरुवात केली. "रोज टाटा करायला येती," एकजण म्हणाली. ललिता गाडीच्या कठड्याला पाठ लावून नदीकडं तोंड करून बसायची.

शेवटी नकुशीलाच ते बघवेना. कांदा सगळीकडं एकदमच काढणीला आलेला, माणसं कमी पडत होती. ती म्हणाली, "हे बघ एस्थर, इळा देणार न्हाई मी तुला. पाट्या उचलायच्या. रोज अर्धा. झेपंल?"

"झेपंल."

"चढ."

कुणी सरकून जागा दिली नाही. ती मागं फळीला धरून उभीच राहिली.

इनामगावच्या शिवारात बन्सीआप्पांचा कांदा होता. उपटून वाफ्यात पसरलेला, पात वाळायला लागलेली. बायका ओळीनं उकिडव्या बसल्या. डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा, एक झटका, पात मागं, कांदा पुढं. मधे बोलणं चालू. ललिता डाव्या हातानं विळा चालवायला शिकली होती. जमत होतं, पण पूर्वीची सफाई नव्हती. एस्थरनं कापलेले कांदे पाटीत भरायचे, डोक्यावर घेऊन बांधाकडं न्यायचे, ढिगावर ओतायचे. ढेकळांतून चालताना तिचा तोल जायचा. जीभ सारखी टाळूला चिकटायची. पाण्याच्या ड्रमाकडं ती गेली तसं एकीनं पटकन तांब्या उचलून घेतला आणि वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"भांडं न्हाई देत?" एस्थरनं विचारलं.

"पी की. पाणी तर तेच हाय."

ती ओंजळीनं पाणी प्यायली.

न्याहारीला सगळ्या लिंबाखाली बसल्या. एस्थर बांधावर उन्हातच बसली. भाकरी संपली, तसं तिनं पुरचुंडी सोडली. सगळ्यांचं लक्ष होतं. गोळी काढताना बोटं थरथरली आणि ती मातीत पडली. ती शोधायला लागली. बाया एकमेकींकडं बघू लागल्या.

"सापडली का?" नकुशीनं विचारलं.

"सापडली."

"न्हाई सापडली तिला," कुणीतरी हळूच म्हणालं. "उगा म्हणती. घेती का न्हाई ते बघतंय कोण."

तेव्हा ललिता उठली. वर्षभरात पहिल्यांदा ती एस्थरसमोर येऊन उभी राहिली.

"आण हिकडं."

"काय?"

"गोळ्या. सगळ्या आण." तिनं पुरचुंडी हिसकावून घेतली. "ह्यांना काय, बोलत बसतील. हात माझा फाटलाय. गोळी पोटात गेली का न्हाई ते मला बघायचंय. न्हाई तर मला तुझ्याकडं पाठ करून कांदा कापायचा धीर न्हाई." तिनं पाकिटातून एक गोळी काढून पुढं केली. "घे. पाणी पी. आता तोंड उघड. आ कर. जीभ वर कर."

एस्थरनं सगळ्यांसमोर तोंड उघडलं. जीभ वर केली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"रातीच्या कोण देतंय?"

"मी घेते."

"माझ्या सासूबाई येतील बघायला," ललिता म्हणाली आणि पुरचुंडी आपल्या कमरेला खोचून लिंबाखाली गेली.

तेव्हापासून तसंच सुरू झालं. न्याहारी झाली की ललिता यायची, गोळी द्यायची, आ कर म्हणायची. बोलायची नाही. रात्री बानूबाई ललिताकडून दोन गोळ्या घेऊन काठी टेकत यायच्या, प्रेमाबाईंच्या खाटेशी बसून दोघी म्हाताऱ्या गोळीची वेळ होईपर्यंत जुन्या गोष्टी काढायच्या, आणि जेवण झालं की बानूबाई म्हणायच्या, "चल गं, खा तुझं औषध, मला घरी जायचंय." एस्थर हसायची. घरात तिला हसताना बघून प्रेमाबाईंना नवल वाटायचं.

हळूहळू टोळीतल्या बायकांची जीभ सैल झाली. एस्थर पाटी घेऊन जाताना कुणी म्हणालं, "तिकडनं काट्यातून जाऊ नको." कुणी मिरचीचा ठेचा पुढं केला. एक दिवस ओंजळीऐवजी तांब्याच हातात आला. देणारीनं मुद्दाम काही केलं नव्हतं, तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. पण काही बायका शेवटपर्यंत लांबच बसल्या, आणि एकीनं तर टोळीच सोडली. नकुशी तिला थांब म्हणाली नाही.

गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी आभाळ आलं. पश्चिमेकडून काळं, खाली उतरलेलं. बन्सीआप्पा मोटारसायकलवरून ओरडत आले, "आवरा! कांदा भिजला तर सगळा सडंल!" बायकांनी कंबर कसली. वारा सुटला, पात उडायला लागली. नकुशी ओळीतून पळत होती, दिसेल तिला काम सांगत होती. तिच्या हातात एक जादा विळा होता. समोर एस्थर दिसली. "बस ललितापाशी, काप!" म्हणून तिनं विळा तिच्याकडं टाकला आणि पुढं गेली. मग तिच्या लक्षात आलं. ती मागं वळली.

एस्थर विळा घेऊन उभी होती. ललितानं मान वर करून पाहिलं. सगळी ओळ थांबली. वाऱ्यानं एकीच्या डोक्याचं फडकं उडून गेलं, ते आणायलाही कुणी उठलं नाही.

ललिता हातभर बाजूला सरकली. उठली मात्र नाही. "बघती काय?" ती म्हणाली. "पाऊस येतोय."

एस्थर बसली. सुरुवातीला कांदा हातातून निसटला, पात अर्धवट तुटली. मग हाताला जुनं वळण सापडलं. थेंब पडायच्या आत ढीग पातीनं आणि कागदानं झाकून झाला. पाऊस थोडाच झाला, गारा केंदूरकडं पडल्या असं नंतर कळलं. परत जाताना पिकअपमध्ये कुणीतरी सरकलं आणि एस्थर खाली बसली.

त्यानंतर तिच्या हातात विळा राहिला आणि रोज पुरा मिळू लागला.

ईस्टर जवळ आला. विल्यम सुट्टीला आला तेव्हा जोएलचा फोन आला. "सोमवारी येतो, तिचे कपडे भरून ठेवा." विल्यमनं फोन कानाला लावून नुसतं "हं, हं" केलं. एस्थरनं काही विचारलं नाही. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही, त्याच्या पुढच्याही रात्री नाही.

मग एका सकाळी, न्याहारीच्या आधी, कांदा कापता कापता तिचा हात थांबला. तिनं विळा जमिनीवर ठेवला आणि पायानं ललिताकडं ढकलला.

"ह्यो तुझ्याकडं ठेव."

"का गं?"

"आल्यात."

"कोण आल्यात?"

"बोलणारी."

उठून पळावं असं ललिताला वाटलं, पण उकिडवं बसून पायांना मुंग्या आल्या होत्या. तिनं विळा ओढून आपल्या मांडीखाली घेतला. आजूबाजूच्या बायका आपापल्या बोलण्यात होत्या.

"काय म्हणत्यात?" तिनं हळू विचारलं.

एस्थरनं तिच्याकडं पाहिलं. असं घरात तिला कुणी विचारलं नव्हतं. "म्हणत्यात, तू ऱ्हाऊन काय करती. सगळ्यांचा जीव तुझ्यापायी कट्टाळलाय. तुला टाकून येणार हायेत, त्याच्या आधीच तू उरक."

"उरक म्हंजी?"

एस्थरची नजर ललिताच्या मांडीकडं, विळा होता तिकडं गेली.

ललितानं विळा आणखी मागं सारला. "मागल्या साली बी ह्येच म्हणत व्हत्या?"

"व्हय."

"मला मार असं न्हाई?"

"तुला?" एस्थर खरोखरच दचकली. "तुला कशाला? मी माझ्यासाठीच उचलला व्हता. तू मधी हात घातलास."

ललितानं तो विळा वर गेलेला पाहिला होता. उन्हात चमकला होता. त्यानंतर रक्त आणि आरडाओरडा. तो कुणावर उगारला, याची शंका तिला कधी आलीच नाही, गावालाही नाही. न मिटणाऱ्या दोन बोटांकडं ती बघत राहिली.

"आन् येवढं वरीस बोलली न्हाईस? अख्खं गाव तुला मारकी म्हणतंय, तोंड न्हाई का तुला?"

"तू आली न्हाईस. मी कुणाला सांगू?"

ललिता ताडकन उठली. तिला राग आला होता आणि तो कुणावर ते कळत नव्हतं. "मावशी!" तिनं नकुशीला हाक मारली. "गाडी बोलवा. हिला दवाखान्यात न्यायचीय. आत्ताच."

नकुशीनं काय झालं ते विचारलं नाही. तिनं ड्रायव्हरला फोन लावला. ललितानं स्नेहलला लावला. गाडी येईपर्यंत ललिता आणि आणखी एक बाई एस्थरच्या दोन्ही बाजूंना बसल्या. हात कुणी धरले नाहीत. नुसत्या बसल्या.

शिरूरला डॉक्टरांनी बराच वेळ एस्थरशी बोलून गोळी बदलली, रात्रीची वाढवली. एकटीला ठेवू नका म्हणाले. बानूबाई दिवसभर दोघींपाशी बसू लागल्या. संध्याकाळी रानातून आल्यावर ललिता हातपाय न धुताच ओढ्याच्या अलीकडं यायची. घरात यायची नाही. अंगणातल्या दगडावर बसायची आणि विचारायची, "हायेत का?" एस्थर सांगायची, हायेत, किंवा सांगायची, आज कमी हायेत. तिनं जीभ वर करायला लावणं सोडलं होतं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जोएल मित्राची गाडी घेऊन आला. विल्यमनं रात्रीच पिशवी भरली होती. दोन साड्या, स्वेटर, बायबल. दवाखान्याचं कळल्यापासून त्यानं मन घट्ट केलं होतं.

"बघितलं ना दाजी, परत सुरू झालं," जोएल म्हणाला. "तिथं डॉक्टर येतो आठवड्याला."

एस्थर डोक्याला फडकं बांधून भिंतीशी उभी होती. डॉक्टरांनी आता कामावर जाऊ दे म्हटलं होतं. फाट्यावर पिकअपचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग पावलं वाजली आणि ललिता दारात आली. ती उंबऱ्यापाशी थबकली. मग आत आली.

"या, ललिताबाई," विल्यम गडबडून म्हणाला. "बसा."

ती बसली नाही. पिशवीकडं बघून म्हणाली, "कुठं चालली?"

"थोडे दिवस आश्रमात," जोएल म्हणाला. "तिच्या भल्यासाठी. तुम्हीच सोसलंय, तुम्हाला कळंल."

"मला काय कळंल?" ललितानं उजवा हात पुढं धरला. "ह्ये मला न्हाई मारलं तिनं. ती स्वतःलाच संपवाया निघाली व्हती. मी मधी आले. वरीसभर तिच्या पोटात व्हतं. तुमाला सांगितलं?"

विल्यमनं बायकोकडं पाहिलं. एस्थरनं मान खाली घातली. विल्यमचा चेहरा कसा झाला ते बघायला नको म्हणून जोएल खिडकीकडं वळला. खाटेवर प्रेमाबाई कण्हल्या, "माझ्या देवा."

"त्या दिशी रानात आवाज आले तर तिनं इळा माझ्याकडं ढकलला आन् मला सांगितलं," ललिता म्हणाली. "तिथं आश्रमात कुणाला सांगंल? गोळी देतील हो ते. चांगली माणसं असतील. पर सांगंल कुणाला?"

"आन् उद्या परत काय झालं तर?" जोएलचा आवाज उतरला होता. "तुम्ही जबाबदारी घेणार?"

"मी न्हाई घेत. मला भ्या वाटतं तिचं, आजबी वाटतं. मी एवढंच करीन, रोज इचारीन."

बाहेर हॉर्न वाजला. विल्यम बायकोच्या जवळ गेला. इतक्या दिवसांत जे त्यानं विचारलं नव्हतं ते विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?"

"मला कामाला जायचंय."

"आन् तुला कायतरी व्हायला लागलं तर?"

"सांगीन. तुलाबी सांगीन. फोनवर सांगीन. तू उचल म्हंजी झालं. कंपनीत लाइनवर असलास तरी."

विल्यमनं खाली वाकून पिशवीची चेन उघडली. बायबल काढून कोनाड्यात ठेवलं. साड्या काढून दोरीवर टाकल्या. तो जोएलकडं न बघता म्हणाला, "जोएल, तुला हेलपाटा पडला."

जोएलचे डोळे भरून आले होते. "ताई, मी वाईटासाठी आलो न्हवतो गं."

"ठावं हाय मला," एस्थर म्हणाली. "बस. तुझे दाजी च्या करतील. आन् दौंडला गेलास की महिन्यातनं एकदा तरी ये. केविनला घेऊन ये."

ती ललिताच्या मागोमाग बाहेर पडली. अंगणात बानूबाई येत होत्या, त्यांना तिनं वाट दिली. ओढ्याच्या कडेला घरांची दारं उघडी होती. बायका बघत होत्या. एकीनं विचारलं, "कुठं चाललीस गं?" एस्थर म्हणाली, "कामाला," आणि चालत राहिली.

नकुशी पुढच्या सीटवरून खेकसली, "किती येळ! आप्पा बोंबलत बसलाय तिकडं." दोघी मागं चढल्या. बायका सरकल्या. पिकअप हलली तसं ललितानं तिच्याकडं न बघताच विचारलं, "आज हायेत का?"

एस्थरनं जरा वेळ कान दिला. "हायेत. पर लांब हायेत."

"किती लांब?"

"नदीच्या पल्याड असतील."

"बरं," ललिता म्हणाली. "जवळ आल्या की सांग."

एस्थरनं मान हलवली. गाडी फाट्यावरून वळली, आणि सगळ्या बायका इंजिनाच्या वर आवाज काढून एकदम बोलायला लागल्या.